पाच लाखांचं कार्ड आणि मावशीची दाढ

मूल, जि. चंद्रपूर
जुलै

प्रिय मैत्रिणी,

तुझा व्हॉट्सॲपवरचा लांबलचक निरोप ऐकला. टोरांटोत बसून सिंदेवाहीच्या मावशीच्या दाढेची काळजी करावी तर तूच. तुझा प्रश्न सरळ होता. मावशीकडे ते पाच लाखांचं कार्ड आहे ना, मग दाढेचं रूट कॅनल त्यातून का होत नाही? उत्तरही सरळ आहे : होत नाही. पण एवढंच लिहून मोकळी झाले तर तू लगेच फोन लावशील आणि "काऊन नाही होत?" म्हणून माझं डोकं खाशील. त्या 'काऊन'चं उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहायला बसले. इकडे पाऊस लागून राहिला आहे, धानाची रोवणी जोरात आहे, वर्गात निम्मी पोरं नाहीत. वेळ आहे.

आधी कार्डाचा घोळ निस्तरते. आपल्याकडे त्याला कोणी 'गोल्डन कार्ड' म्हणतं, कोणी 'मोदीचं कार्ड', कोणी 'फुलेचं कार्ड'. सगळे बरोबर आहेत, कारण त्यात दोन योजना एकत्र आहेत. २ जुलै २०१२ ला राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते आणि त्यांत गडचिरोली होता. नागपूर नव्हतं, पुणं नव्हतं. एरवी सगळं वाटून झाल्यावर आपल्याकडे येतं, ही गोष्ट तेवढी आधी आली. चंद्रपूरला मात्र नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख आणि ९७१ उपचार होते. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि २०२० पासून दोन्ही एकत्र चालू लागल्या. जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशन कार्ड असलं तरी कुटुंबाला वर्षाला पाच लाख; तेव्हा यादीत १३५६ उपचार होते. मावशीची सत्तरी उलटली आहे, म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं वय वंदना कार्डही तिला निघतं. त्यात सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट नाही.

आता खरी गोम. 'पाच लाख' हा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसला आहे, पण ही योजना पैशाची नाही, यादीची आहे. यादीत जे नाव आहे त्याचेच पैसे सरकार रुग्णालयाला देतं, तेही बहुतेक वेळा रुग्ण भरती झाला तर. तुमच्या हातात एक रुपया येत नाही. नुसतं तपासून, गोळ्या घेऊन, खुर्चीवर बसून घरी जायचं असेल तर ते बाह्यरुग्ण, आणि बाह्यरुग्ण योजनेच्या बाहेर. दाताचं बहुतेक काम खुर्चीवरचं. आयुष्मानच्या नियमांत तर तसं स्पष्टच लिहिलं आहे : दातातली पोकळी भरणं, रूट कॅनल, झिजलेल्या दातांची दुरुस्ती, दिसण्यासाठी केलेले उपचार हे वगळले आहेत. अपवाद एवढाच, की ते आजारामुळे किंवा इजेमुळे उद्भवलेलं असलं पाहिजे आणि त्यासाठी भरती व्हावं लागत असलं पाहिजे. मला हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. कीड लागणं हा आजार नाही तर काय हौस आहे?

मग यादीत दाताचं काहीच नाही का? आहे ना. अपघातात जबड्याचं हाड मोडलं तर ते तारेनं किंवा प्लेटनं बसवणं आहे. जबड्याचा सांधा आखडला, त्याची शस्त्रक्रिया आहे. जबड्यातली गाठ काढणं आहे, कुजलेल्या हाडाचा तुकडा काढणं आहे, हाडात अडकलेली दाढ काढणं आहे. लहान मुलांच्या फाटलेल्या ओठाची आणि टाळूची शस्त्रक्रिया आहे. तोंडाचा कर्करोग झाला तर शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो, सगळं आहे. यात नाव ठेवण्यासारखं काही नाही. मुलाचा टाळू शिवून घेतलेली, नवऱ्याचा जबडा बसवून घेतलेली घरं माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांच्यासाठी हे कार्ड म्हणजे खरोखरच देवासारखं धावून आलेलं आहे. पण क्रम बघ. कीड लागली, भरून घ्यायची, तेव्हा कार्ड गप्प. कीड मुळापर्यंत गेली, रूट कॅनल करायचं, तेव्हाही गप्प. तीच कीड जबड्याच्या हाडात उतरली, गाल सुजून डोळा बंद झाला, माणूस भरती झाला, की कार्ड बोलायला लागलं.

इथे खासगी दवाखान्यात एका दाढेच्या रूट कॅनलचे चारेक हजार रुपये सहज होतात, वरची टोपी वेगळी. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एका दाढेला तेरा दिवसांची मजुरी, आणि त्यासाठी ज्या दोन-तीन खेपा घालायच्या त्यांची बुडालेली मजुरी निराळी. दाढ उपटायला मात्र काही शेच लागतात आणि एका बैठकीत काम होतं. गरीब माणसाला हिशोब शिकवावा लागत नाही. तो उपटूनच येतो. म्हणून आपल्या भागात पन्नाशीच्या बायांच्या तोंडाची एक बाजू रिकामी असते आणि त्या भात मऊ शिजवून गिळतात. धानाचा मुलूख आहे म्हणून निभतं, बाप्पा. ज्वारीच्या भाकरीचा असता तर काय केलं असतं?

खर्र्याचं सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. तू गेलीस तेव्हा गुटख्याच्या पुड्या लटकायच्या ना, त्यावर २०१२ मध्ये राज्यात बंदी आली. खर्रा मात्र जोरात आहे. पानठेल्यावर उभी राहिलीस तर दिसेल : सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना एका पन्नीत टाकायचा, पन्नी फळीवर धरायची आणि तळव्यानं जोर लावून घोटत राहायचं, भुरकट गोळा तयार होईपर्यंत. मग रबर लावून गिऱ्हाइकाच्या हातात. झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर जागायचं तर तो हवाच, रोवणीत चिखलात उभं राहायचं तरी हवाच. बायकाही मागे नाहीत, त्यांचं दाताला तंबाखूचं गुडाखू आणि नस घासणं चालू असतं. लोक सगळा दोष तंबाखूला देतात, पण नुसत्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी ताठ होते, पांढरी पडते आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं.

मागे एका सरकारी दवाखान्याच्या दंत विभागात बसले होते, तेव्हा पाहिलं. समोर विशीतला पोरगा. डॉक्टरीण म्हणाली, "तीन बोटं उभी धरून तोंडात घाल." त्याची दोन गेली, तिसऱ्याला जागा नव्हती. त्यानं जोर लावून पाहिला, डोळ्यांत पाणी आलं, तरी नाही. ती म्हणाली, "तिखट लागतं का जेवताना?" पोरगा म्हणाला, "तीन वर्षं झाली, तिखट खातच नाही." त्याच्या मागच्या दाढा किडलेल्या होत्या, पण तिथपर्यंत हत्यारच पोचेना. आता गंमत ऐक. हे असं आखडलेलं तोंड भूल देऊन उघडण्याची शस्त्रक्रिया आयुष्मानच्या यादीत आहे. किडलेली दाढ भरणं नाही.

गडचिरोलीत 'सर्च'नं, म्हणजे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेनं, शासन आणि टाटा ट्रस्टसोबत २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालवलं आहे, दारू आणि तंबाखू दोन्हींसाठी. गावागावांत खर्राबंदीचे ठराव झाले, पानठेले बंद पडले, काही परत उघडले. दारूबंदी तर त्या जिल्ह्यात १९९३ पासून आहे. माझं मत विचारशील तर दातांसाठी गडचिरोलीत आजवर झालेलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, आणि ते कुठल्याही विम्यात बसत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. चंद्रपूर जिल्ह्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते चालत नाही. लहानपणी असं पाणी पोटात गेलं की हिरडीतून वर येणारा दातच डागाळलेला येतो, पिवळा, पुढे तपकिरी, आणि घासून तो डाग जात नाही. पोरगी उपवर झाली की तिला हसताना ओठ मिटायची सवय लागलेली असते. पाणी सरकारच्या बोअरचं, दात तिचे. आणि डाग घालवायचा खर्च विचारला की तो 'दिसण्यासाठी' केलेल्या उपचारात मोडतो. फ्लोरोसिसविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आहे, पण त्याचा भर पाणी तपासण्यावर आणि पुढचं नुकसान टाळण्यावर आहे. झालेल्या डागांना वाली नाही.

तू म्हणशील, कॅनडात तरी काय वेगळं आहे? खरं आहे. तुमच्याकडे १९८४ च्या आरोग्य कायद्यात डॉक्टर आणि रुग्णालय फुकट, पण दंतवैद्य नाही. आता २०२४ पासून, ज्यांना खासगी विमा नाही आणि कुटुंबाचं उत्पन्न नव्वद हजार डॉलरच्या आत आहे, त्यांना दातांची सरकारी योजना सुरू झाली. इंग्लंडात तर १९४८ मध्ये कवळीसुद्धा फुकट होती. तीन वर्षांत सरकारनं कवळीचे आणि चष्म्याचे अर्धे पैसे मागायला सुरुवात केली आणि ज्यानं ती आरोग्यसेवा उभी केली तो मंत्री अन्यूरिन बेव्हन त्यावरून राजीनामा देऊन बाहेर पडला. दातावरून मंत्रिपद सोडणारा माणूस! इकडे एखाद्यानं तसं केलं तर लोक त्याला येड्यात काढतील. एकंदरीत १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं वेगळं कॉलेज निघालं तेव्हापासून दात शरीरातून वेगळे काढून ठेवले आहेत, ते अजून कुठल्याच देशाला नीट परत बसवता आलेले नाहीत.

आणि आपल्याच जिल्ह्यात बघ. कोळसा खाणीतला कायम कामगार कंपनीच्या दवाखान्यात जातो. सिमेंट कारखान्यातला कंत्राटी कामगार, त्याचा पगार महिना एकवीस हजारांच्या आत असेल आणि ठेकेदारानं त्याचा ईएसआय भरला असेल, तर त्याला बाह्यरुग्ण उपचारही मिळतात. भरला असेल तर, हे महत्त्वाचं. आणि त्याच कारखान्याच्या धुराड्याखाली धान लावणाऱ्या बाईला फक्त पाच लाखांचं कार्ड. तिघांच्या दातांना कीड सारखीच लागते.

आता मावशीचं. कार्ड नाही तर मग काय, हे सांगते, नीट ऐक.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या सगळ्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचे पैसेसुद्धा नाहीत. त्याला कार्ड लागत नाही, पिवळं-केशरी लागत नाही. हे लोकांना माहीतच नाही, सगळे कार्डामागे धावतात. प्राथमिक केंद्रात दंतवैद्य नसतो. ग्रामीण रुग्णालयात असेलच असं नाही, पण उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात असतो. वरोरा, आरमोरी, कुरखेडा, अहेरी ही उपजिल्हा रुग्णालयं. सिंदेवाहीच्या ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आधी कोणाला तरी पाठवून विचारून घे, उगाच म्हातारीला पावसात काढू नको. चंद्रपूरचं मोठं रुग्णालय आता वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, आणि ती मोफतची घोषणा वैद्यकीय शिक्षण खात्याला लागू नव्हती, त्यामुळे तिथे थोडंफार शुल्क पडेल. ते खासगीच्या मानानं काहीच नाही.

दाढ वाचण्यासारखी असेल आणि रूट कॅनलच करायचं असेल, तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, मेडिकलच्या आवारातलं, १९६८ पासूनचं. तिथे शिकाऊ डॉक्टर करतात आणि सर बघून पास करतात, म्हणून वेळ लागतो पण काम चोख होतं. दुसरं दंत महाविद्यालय सावंगी मेघेचं, वर्ध्याजवळचं. अडचण खेपांची आहे. रूट कॅनलला दोन-तीनदा जावं लागतं. नागभीडवरून नागपूरला जाणारी ती छोटी गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद पडल्यापासून एसटीच खरी. बायकांना अर्धं तिकीट आहे एवढाच दिलासा. सिंदेवाहीवाल्यांना हे जमतं तरी. भामरागडच्या माणसाला सांगून बघ नागपूरला तीन खेपा घाल म्हणून. पर्लकोटा नदीला पूर आला की त्याचा गडचिरोलीशीच संबंध तुटतो.

आणि दाढ काढावीच लागली, पुढे कवळीची वेळ आली, तर राष्ट्रीय वयोश्री योजना म्हणून आहे, २०१७ ची. साठीपुढच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना पंधरा हजारांच्या आत उत्पन्न असलेल्या म्हाताऱ्यांना काठी, श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची, चष्मा, आणि त्याच यादीत कवळीही! शिबिरं भरतात तेव्हा नावं नोंदवतात. मात्र कवळी म्हणजे काठी नव्हे, की ढिगातून उचलून हातात दिली. हिरडीचा साचा घ्यायचा, चाव बघायचा, बसवून पाहायची, टोचते तिथे घासायची. शिबिराच्या एका दिवसात ते कसं उरकावं? म्हणून शिबिराच्या फोटोत काठ्या आणि खुर्च्याच जास्त दिसतात.

पोरांचं थोडं बरं आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत आणि शाळांत येतं. माझ्या वर्गात डॉक्टर टॉर्च लावून एकेकाला "आ कर" म्हणतात आणि किडलेल्या दातांपुढे खूण करतात. रेफरची चिठ्ठीही देतात. ती चिठ्ठी दप्तरात वहीच्या कव्हरखाली वर्षभर पडून राहते, कारण बापाला तालुक्याला न्यायला दिवस मोडावा लागतो आणि दुधाचा दात तर पडणारच आहे, असं आई म्हणते. मी आता चिठ्ठ्या पोरांच्या हाती देतच नाही, आशाताईकडे देते. तिच्या मागे लागण्यानं निदान काही तरी जातात.

मला कोणी विचारलं, यादीत एकच गोष्ट वाढवायची तर काय, तर मी म्हणेन, दात भरणं. त्यासाठी मोठं यंत्रही नको. टांझानियात १९८० च्या दशकात एक पद्धत निघाली : हाताच्या अवजारानं कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंटनं खड्डा बुजवायचा. वीज नको, ड्रिल नको, खुर्ची नको, बाकावर झोपवून होतं. किडीवर ब्रशनं लावून ती थांबवायचं एक चांदीचं औषधही आहे, दात काळा पडतो पण कीड थांबते. हे औषध, ते सिमेंट आणि फ्लोराइडची टूथपेस्ट तिन्ही जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. भामरागड-एटापल्लीसाठी याहून सोयीचं काय असणार? जबडा कापायचे पैसे देणाऱ्या योजनेनं खड्डा बुजवायचे दिले तर तिचेच पैसे वाचतील. दर भरलेल्या दातामागे आरोग्य केंद्राला ठरावीक रक्कम द्यायची, एवढंच तर करायचं आहे.

असो. तू पैसे पाठवते म्हणालीस, ते पाठव, पण खासगीत सगळे दात काढून कवळी लावायला नको. मावशीच्या शेजारच्या बाईला कोणीतरी तसंच सुचवलं होतं आणि चांगले दातही गेले. ते पैसे नागपूरच्या खेपांना आणि सोबत जाणाऱ्या भाच्याच्या बुडणाऱ्या मजुरीला लागतील. मावशीला आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवायला सांग. भाच्याच्या मोबाइलमध्ये १५५३८८ नंबर टाकून दे, फुलेच्या योजनेचा आहे तो, फुकट लागतो. कुठल्याही अंगीकृत रुग्णालयात गेलं की आधी आरोग्यमित्राच्या टेबलाशी थांबायचं आणि उपचार यादीत आहे की नाही, हे पैसे भरण्याच्या आधी विचारायचं. आणि तिच्या तोंडात कुठे न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा असेल, ती नस घासायची ना पूर्वी, तर दाढेचं राहू दे बाजूला, ते आधी दाखवायचं. त्याला मात्र कार्ड चालतं. रोवणी आटपेपर्यंत थांबते म्हणेल ती. थांबू देऊ नको.

तुझी,
मूलची मास्तरीण